चार नंबरचं दार

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद. तू पंचावन्नचा झालास तरी माझ्या पत्रात चिरंजीवच राहणार, त्याला इलाज नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर मला तुझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं भरते, मग भांडण होतं. त्यापेक्षा कागद बरा.

शेजारच्या मास्तरीणबाई परवा पेपरातलं कात्रण घेऊन आल्या. "तुमच्या भावाचा फोटो आलाय." फोटोत तुझी नुसती पाठ आहे. तरी ओळखली मी, बाबांसारखीच वाकायला लागलीय. खाली लिहिलंय की रेल्वेच्या संग्रहालयात शंभर वर्षांचा लाकडी प्रवासी डबा पुन्हा पहिल्यासारखा करताहेत, हिवाळ्यात लोकांना बघायला मिळेल. इथवर ठीक. शेवटी काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते: "एकतीस वर्षांपूर्वी याच डब्याचे चार नंबरचे दार धावत्या गाडीत उघडून एक शिक्षक खाली पडले व मरण पावले. कारखान्यातील मिस्त्रीच्या निष्काळजीपणामुळे हा अपघात झाल्याचे चौकशीत निष्पन्न झाले होते. ही माहिती डब्याशेजारच्या फलकावरही दिली जाणार आहे."

नाव छापलं नाही एवढी मेहेरबानी. हे जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता पोरंटोरं सहलीला येऊन ह्यांचा निष्काळजीपणा वाचणार.

तू त्या डब्यावर काम करतोयस आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस. ते असू दे. माझं एकच काम कर. चौकशीवाल्यांनी ते दार कधी उघडून बघितलंच नव्हतं. हे म्हणाले "काम माझं", त्यांनी लिहून घेतलं, दाराला बाहेरून लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि डबा बाजूच्या रुळावर ढकलून दिला. म्हणजे आतला खटका होता तसाच असणार. तो उघड आणि काय दिसतं ते मला लिही.

अक्का


२२ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार. वाकून करायचा तर गुडघे परवानगी देत नाहीत, तेव्हा बसूनच करतो, गोड मानून घे.

हो, तोच डबा. तुला सांगणार होतो, पण काय सांगणार? मध्ये वीस-बावीस वर्षं त्याचं गोदाम होतं. आत जुने कंदील, फावडी, सिमेंटची फुटकी पोती. आम्ही ते उपसलं तेव्हा बाकांच्या खाली उंदरांची तीन घरं निघाली. छत दोन ठिकाणी गळून लाकूड एवढं मऊ झालंय की बोट आत जातं. बाहेरून मात्र अजून रुबाबात उभा आहे.

आमच्यावर एक बाई नेमल्यात. पस्तिशीच्या असतील. जुन्या वस्तू जपायचं शिक्षण घेऊन आल्यात आणि गळ्यात कायम भिंग. आम्ही त्यांना भिंगबाई म्हणतो, त्यांना माहीत आहे. त्यांचं म्हणणं, काहीही काढायच्या आधी बघा, फोटो घ्या, लिहा, मगच हात लावा. रंगाचे सात थर निघाले. एकेक थर काडेपेटीएवढा उघडा ठेवत जायचा, पायऱ्यांसारखा, म्हणजे कुठल्या साली डबा कुठल्या रंगाचा होता ते कळतं. मागच्या महिन्यात मी चुकून एक पायरी जास्त खरवडली, तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी त्यांची दाढ उपटली. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून दिवसभर तोंडावर मुस्कं. घरी येईपर्यंत आवाज बसलेला असतो. बायको म्हणते, बरं झालं.

खरं सांगू का, मी दमलोय अक्का. तिघं माणसं आहोत. रंगाऱ्याला दिसत नाही, मला वाकता येत नाही आणि तिसऱ्याचं लग्न ठरलंय. एक फळी बदलली की शेजारची किडकी निघते. दर पंधरा दिवसांनी समितीचे साहेब येतात, रंधा हातात घेऊन फोटो काढतात आणि विचारतात, "झालंच ना आता?"

दाराचं काम या वर्षात निघेल असं वाटत नाही.

तब्येतीला जप. कानाच्या डॉक्टरकडे गेलीस का?

तुझा
बारक्या


१ मार्च

बारक्या,

अडीच पानं लिहिलीस. उंदीर आले, भिंग आलं, तुझ्या बायकोचा टोमणा आला. दाराला एक ओळ.

कानाच्या डॉक्टरकडे गेले नाही. जाणारही नाही. दोन जिने उतरायचे, दोन चढायचे आणि तो सांगणार की वय झालं. ते मला इथे बसूनही कळतंय.

तू मला ह्यांची बाजू घेऊन काही सांगू नकोस, आणि समजूतही घालू नकोस. दोष कुणाचा ते माझं मी बघेन. तू फक्त खटका बघ. किती स्क्रू आहेत, कसे आहेत, घट्ट आहेत की सैल, एवढं लिही. सुताराला हे काही डोंगर उचलण्याचं काम नाही.

अक्का


२४ मार्च

अक्का,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. छताच्या पत्र्यानं हात कापला होता, चार टाके पडले.

दाराचं सांगतो. त्या बाहेरच्या पट्ट्या गंजून लाकडात रुतल्यात. कापायला गेलं तर सगळी फळी फाटेल. त्याला समितीची परवानगी लागते, समिती तीन महिन्यांतून एकदा बसते आणि बसली की चहा पिऊन उठते. माझ्या हातात काही नाही.

आणि अक्का, खरंच उघडायचं का ते? समज, खटका चुकीचा बसवलेला निघाला. मग? आत्ता निदान कुणी डोळ्यांनी बघितलेलं तरी नाही. माणूस गेला, भावोजीही गेले. भावोजींनी उरलेली नोकरी गोदामाच्या खिडकीत बसून चिंध्या आणि तेल वाटण्यात काढली, पण तक्रारीचा शब्द काढला नाही. आता कशाला खपली काढायची? फलकावरची ती ओळ मी काढायला लावतो. भिंगबाईंशी बोलतो. तू निश्चिंत राहा.

त्या दिवसांतलं मला फारसं आठवतही नाही. मी तेव्हा उमेदवारी करत होतो.

बारक्या


५ एप्रिल

बारक्या,

तुझ्या भिंगबाईंना मीच पत्र टाकलं. पत्ता कात्रणाखाली होता. पाचव्या दिवशी उत्तर आलं. अक्षर काय सुरेख आहे त्यांचं.

त्या लिहितात, पट्ट्या बाहेरून आहेत, खटका आतल्या बाजूनं एक फळी काढली की दिसतो. कापाकापी करायला नको. परवानगी तर नकोच, कारण सगळी दारं तपासायचं आधीच ठरलंय. तीन दारं झाली. चौथं "तुमच्या बंधूंनी दोनदा पुढे ढकललं." फलकाचा मजकूर पेपरवाल्यांना घाईत दिला गेला, दारात जे सापडेल त्यावरून तो पुन्हा लिहू म्हणतात. अठरा तारखेला दार उघडणार आहेत.

परक्या बाईनं मला पाच दिवसांत खरं सांगितलं आणि सख्खा भाऊ दोन महिने थापा मारतोय. ह्या वयात तू मला तोंडघशी पाडशील असं वाटलं नव्हतं.

फलकाचं मला एवढं काही नाही. ओळ काढून काय होणार? मला ते दार उघडायला हवंय. का, ते मी आत्ता सांगणार नाही. तूही मला सगळं कुठे सांगतोस?

अक्का


१७ एप्रिल

अक्का,

हे पत्र पूर्ण वाच. मध्येच फाडू नकोस.

तो खटका मी बसवला होता. भावोजींनी नाही.

रजिस्टरमध्ये त्यांची सही होती कारण ते मिस्त्री होते, पण हात माझा. डब्याच्या दाराचे खटके दोन तऱ्हेचे असतात, डावे आणि उजवे. आमच्या कारखान्याची रीत अशी की डावं-उजवं डब्याच्या आत उभं राहून धरायचं. मी बाहेर उभा होतो. बाहेरून धरलं आणि गोदामातून उलटा खटका आणला. तो बसेना, तर उलटा फिरवून बसवला. दार लावलं, 'खट्' असा छान आवाज आला, मला वाटलं झालं. पण उलटा बसवला की स्प्रिंग खाली लटकते आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याला चौकटीत अडकणारी जीभ थोडीथोडी आत सरकते. तिसऱ्या दिवशी ते मास्तर पडले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या डब्यावर तसंच करत होतो, तेव्हा एक म्हातारा सुतार ओरडला, "अरे आत उभा राहून धर की!" आणि मी काय करून बसलो होतो ते मला कळलं.

मी भावोजींकडे जाणार होतो. अगदी त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो. तू म्हणालीस, ते चौकशीला गेलेत. परत आले तेव्हा सगळं संपलं होतं, त्यांनी काम आपलं म्हणून सांगून टाकलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "जा, कामाला लाग, तो विषय झाला." आणि मी गेलो. मला जायचंच होतं अक्का. मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. तुझ्या घरी येणं मी का कमी केलं, ते आता तुला कळेल. तू वाढायचीस आणि ते समोर बसून गुपचूप जेवायचे. मी अर्ध्या ताटावरून उठायचो.

आता काल काय केलं ते ऐक. अठरा तारखेला सगळ्यांसमोर उघडणार, म्हणून काल जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच डब्यात शिरलो. भिंगबाई बैठकीला गेल्या होत्या. खिशात एक जुना उजवा खटका होता, भंगारातून शोधून घासूनपुसून ठेवलेला. बेत असा की आतली फळी काढायची, माझा उलटा खटका काढून हा नीट बसवायचा आणि फळी पुन्हा लावून द्यायची. उद्या सगळ्यांना खटका बरोबर दिसला असता. भावोजी सुटले असते. मीही सुटलो असतो. चोरीच होती, पण मी मनाशी म्हटलं, तुझ्यासाठी करतोय.

फळी काढली. खटका सरळच होता. उजवा होता.

मला वाटलं माझे डोळे गेले. डब्यातून बाहेर आलो, पुन्हा आत गेलो, आत उभं राहून धरलं. उजवाच. मग शेजारी बघितलं तर लाकडात सहा गोल खुंट्या ठोकलेल्या, घासून सपाट केलेल्या. माझ्या स्क्रूंची भोकं होती ती. कुणीतरी माझा खटका काढला होता, माझी भोकं बुजवली होती आणि नवी पाडली होती. आणि सहा पितळी स्क्रू, सहांच्याही खाचा उभ्या. अगदी ओळंब्यानं लावल्यासारख्या. अख्ख्या कारखान्यात अशा खाचा एकच माणूस लावायचा. आम्ही चेष्टा करायचो, तर भावोजी म्हणायचे, "स्क्रू सैल पडला की खाच तिरपी होते, लांबून कळतं. तुमच्या खाचा दहा दिशांना तोंडं करून बसल्यात, तुम्हाला काय कळणार?"

एकही खाच तिरपी नव्हती. तरी मी खालचा स्क्रू पिळून बघितला. अंगाचा जोर लावला, तसूभर हलला नाही. सहाही बघितले. सहाही घट्ट.

म्हणजे त्यांनी माझी चूक बघितली होती आणि डबा बाहेर पडायच्या आधी निस्तरली होती. दार मग उघडलं कसं? खटका बरोबर, चौकट बरोबर. कुणी दार नीट लावलं नसेल, किंवा मास्तर स्वतःच उघडून उभे असतील. आता ते कुणालाच कळायचं नाही. पण ते माझ्यामुळे नव्हतं आणि भावोजींमुळे तर नव्हतंच.

मग ते काम माझं, चूक माझी असं का बोलून बसले? आणि मला का सांगितलं नाही? एकतीस वर्षं मी स्वतःला खुनी समजत होतो अक्का. ते रोज समोर दिसायचे, एक वाक्य बोलले असते तर काय बिघडलं असतं?

मी तिथेच फळीवर बसून राहिलो. भिंगबाई आल्या तर मी हातात खटका घेऊन रडतोय. त्यांना सगळं सांगितलं, खिशातल्या खटक्यासकट.

तू काय म्हणशील याची भीती वाटते. तरी लिही.

बारक्या


११ मे

अक्का,

तुझं पत्र नाही. चोवीस दिवस झाले. मास्तरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "बऱ्या आहेत, पण बोलत नाहीत." ठीक आहे, माझ्याशी बोलू नकोस. फक्त हे वाच.

अठरा तारखेला सगळ्यांसमोर फोटो घेतले, मापं घेतली. भिंगबाईंनी फलकाचा नवा मजकूर पाठवलाय, तो असा: "या दारातून पडून एका शिक्षकाचा मृत्यू झाला. चौकशीत मिस्त्रींना दोषी धरण्यात आले. दार मात्र उघडून पाहिले गेले नाही. एकतीस वर्षांनी ते उघडले असता खटका योग्य रीतीने व घट्ट बसवलेला आढळला. दार का उघडले हे ज्ञात नाही." खटका आहे तसाच ठेवणार, स्क्रूलाही हात लावायचा नाही. वरची फळी काढून काच लावायची असं ठरलंय, म्हणजे लोकांना दिसेल.

मी सहांपैकी एकही स्क्रू सोडवला असता तर यातलं काही राहिलं नसतं, असं त्या म्हणाल्या. नंतर तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या हातात पटाशी दिली आणि म्हणाल्या, "खिडक्या बाकी आहेत." तेवढ्यावर मिटलं. मी उगाच लांबलचक माफी मागत होतो, तर म्हणाल्या, "मला नका सांगू, ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

म्हणून सांगतो. माझं चुकलं अक्का. खटक्याचं सोड, ते तर भावोजींनी निस्तरलं. गप्प बसलो ते चुकलं.

बारक्या


२३ मे

बारक्या,

आजारी नव्हते. तुझं पत्र रोज काढून वाचत होते, म्हणून उत्तर राहिलं.

आधी राग लिहिते, म्हणजे मोकळी होईन. तू खटका उलटा बसवलास हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. ह्यांनी मला सांगितलं होतं. "बारक्यानं उलटा लावला होता, मी काढून नीट लावला." मला शपथ घातली की तुला बोलायचं नाही. का, तर चौकशीत "पुन्हा लावला" म्हटलं की "का पुन्हा लावला" विचारणार, मग तुझं नाव येणार. ते लोक 'बारक्यानं उलटा लावला' एवढंच धरून बसले असते आणि तुझी उमेदवारी दीड वर्षाची, तुला उभ्या उभ्या काढलं असतं. ह्यांना वाटायचं, तुला आपली चूक कळलेलीच नाही, तर कशाला कळवायची? पोराचा हात बसतोय, तो भीतीनं कापायला लागला तर जन्माचा जाईल. असं म्हणायचे.

मला मात्र वाटायचं, तुला कळलंय. तुझ्या तोंडावर दिसायचं. मी वाट बघत होते की आज ना उद्या हा येईल आणि म्हणेल, अक्का, माझं काम होतं. तू आला नाहीस. येणंच बंद केलंस. मला वाटलं, एवढं केलं माणसानं ह्याच्यासाठी आणि हा तोंड चुकवतोय. एकतीस वर्षं मी तुझ्यावर धुसफुसत होते आणि तुला पत्ता नाही. तू म्हणतोस तू स्वतःला खुनी समजत होतास. हे मला माहीत असतं तर शपथ गेली खड्ड्यात, मी धावत येऊन सांगितलं असतं. काय मूर्ख माणसं आपण तिघं!

राग अजून आहे. पण सदुसष्टाव्या वर्षी राग धरायलाही ताकद लागते, आणि माझी जिने चढण्यातच संपते. तेव्हा ये. सरळ ये, चार दिवस राहायला ये, बायकोला घेऊन ये.

आता मी ते दार का उघडायला लावलं ते सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी हे एकटेच थांबून तो खटका लावत होते आणि मी घरी तापानं फणफणले होते. निरोप धाडला की असाल तसे या. हे हातातलं टाकून धावत आले. मला डॉक्टरकडे नेलं, मी बरी झाले. तिसऱ्या दिवशी मास्तर गेले. आणि तेव्हापासून ह्यांना आठवेना, शेवटचा स्क्रू आवळला होता की निरोप आला म्हणून तसाच ठेवला. चौकशीत "काम माझं, चूक माझी" म्हणाले ते तुला वाचवायला अर्धं आणि अर्धं ह्या शंकेनं. खरोखर त्यांना माहीत नव्हतं रे.

हा प्रश्न त्यांनी मला किती वेळा विचारला असेल त्याची गणती नाही. जेवता जेवता हात थांबायचा. "शेवटचा आवळला होता का गं मी?" मी घरी तापात पडलेली, मला काय माहीत? पण मी म्हणायचे, "आवळला होतात. आल्या आल्या तुम्ही तसं म्हणाला होतात." ते काही म्हणाले नव्हते. मी बनवून सांगायचे. कधी कधी त्यांना पटायचं, कधी नाही.

आणि मनात मला खायचं की सैल राहिला असला तर तो माझ्या निरोपामुळे.

अगदी शेवटच्या दिवशीही विचारलं. आवाज नव्हता, ओठ हलले, मला कळलं काय विचारताहेत ते. मी म्हटलं, "आवळला होतात हो, सगळे घट्ट होते, झोपा आता." त्यांनी डोळे मिटले. मी अकरा वर्षं समजत होते की जाणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले.

बोलले नव्हते.

अक्का